काचेमागचा तिसरा अंक

वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. ठिकाण अंबरनाथ पूर्वेचं एक कॉलेज, कार्यालयीन अधीक्षक कमळाकर साहेबांची केबिन. कॉलेजची तपासणी करायला आलेल्या समितीतल्या अंजनीबाईंनी काचेचं कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं.

बोलतोय तो मीच, धातूंच्या गंजावरच्या एका परदेशी त्रैमासिकाचा तिसरा अंक. हे कॉलेज मला जुलैपासून ‘गहाळ’ म्हणत होतं. आणि आठ महिने मी याच दिवसाची वाट बघत होतो.

हॉलंडात छापून मी एकोणीस एप्रिलला इथं पोचलो. कमळाकर साहेबांनी सही करून मला घेतलं, माझ्या प्लास्टिकच्या वेष्टनावर मागच्या बाजूला आवक शिक्का मारला, क्रमांक २१४, आणि वर सहीही ठोकली. तिथून मला खाली ग्रंथालयात पाठवायला हवं होतं. पण साहेबांची एक रीत होती. परदेशी अंक दिसला की शिपायाला सांगायचे, “बबन, हा खाली पाठवू नकोस. पोरं हाताळून घाण करतात. समिती येईल तेव्हा कोराच दाखवू.”

गंज कसा लागतो हे एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांना सांगायला मी सातासमुद्रापलीकडून आलो होतो. मला शोकेसमध्ये बसवलं.

खाली ग्रंथपाल नूतन भोईर माझी वाट बघत होत्या. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून येणारी ही बाई पाच वर्षं कंत्राटावर होती आणि सहाव्या वर्षी कायम होणार होती. परदेशी अंक आला नाही तर नव्वद दिवसांत कळवावं लागतं, नाहीतर प्रकाशक दुसरी प्रत देत नाही. नूतनताईंनी मुदतीतच अंक मागवून देणाऱ्या एजंटला तीनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं ते तीस जुलैला, याच केबिनमध्ये, फोनच्या स्पीकरवर. एजंट हरेशभाई उल्हासनगर कॅम्प दोनमधून बोलत होते.

“ताई, प्रकाशक बोलतो, माल पोचला. सही पण हाय. आन् आता नव्वद दिवस खतम. दुसरी कॉपी भूल जाओ.”

“सही कुणाची आहे, हरेशभाई?”

“वाचता येत नाय ना! कोंबडीचे पाय हायेत नुसते.”

कमळाकर साहेबांनी फोन बंद केला. “ऐकलंत? अंक पोचला. म्हणजे तुमच्याकडूनच हरवला.”

“साहेब, माझ्याकडे आला असता तर मी तीन पत्रं कशाला लिहिली असती? आवक रजिस्टर दाखवा ना मला.”

“रजिस्टर बायंडिंगला गेलंय. आणि ही वकिली हेंद्रेपाड्यात करा, इथं नको.”

नूतनताई मान खाली घालून बसल्या होत्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मग उठले आणि कपाटातली क्रिकेटची ढाल माझ्या पुढ्यात सरकवली.

विसरभोळ्या माणसाला मी माफ केलं असतं. ढाल सरकवणाऱ्याला नाही.

त्याच दिवशी मेमो निघाला, ‘अंक ग्रंथालयातून गहाळ, जबाबदारी ग्रंथपालाची.’ एकतीस ऑगस्टला नूतनताईंचं कंत्राट संपलं. ते पुढे वाढलं नाही. त्या मला न बघताच गेल्या.

आणि डिसेंबरात समिती येणार म्हणून साहेबांनी स्वतःच्या हातानं ढाल बाजूला केली, मला पुसलं आणि पुढच्या रांगेत उभं केलं! मेमो ते साफ विसरले होते. अंजनीबाई विसरायला आलेल्या नव्हत्या. गहाळ अंकांची यादी त्यांच्या हातात होती.

“हा तर हरवलाय ना?”

“ती... जादा प्रत आहे, मॅडम.”

अंजनीबाईंनी मला उलटं केलं. “जादा प्रतीवर आवक शिक्का? आणि हे कोंबडीचे पाय कुणाचे?”

साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. त्या आवाजासाठी मी आठ महिने थांबलो होतो.

बाईंनी आवक रजिस्टर मागवलं. ते बायंडिंगला कधी गेलेलंच नव्हतं. बबननं ते साहेबांच्याच खणातून काढून दिलं.

आज मी ग्रंथालयात आहे, वेष्टन फाडलेला, पानं वापरानं मऊ झालेली. पण मला मांडणीवर लावलं ते दुसऱ्याच हातांनी. रजिस्टरात २१४ समोर ‘ग्रंथपालाची पोच’ असा रकाना आहे. तो कोरा आहे, म्हणजे मी नूतनताईंपर्यंत पोचलोच नव्हतो. नूतन भोईरांवरचा मेमो अजून मागे घेतलेला नाही. का, ते समितीनं लेखी विचारलंय. कॉलेजनं उत्तर दिलेलं नाही.