जखमेचं अंतराळउड्डाण

"मानवजातीच्या वेदनेचा आज अंत झाला!" अंतराळबाबांनी घोषणा केली आणि माईक बंद पडला. तार हलवल्यावर वेदनेचा पुन्हा एकदा अंत करण्यात आला.

लाँड्रीवरचा हॉल खच्चून भरला होता. पहिल्याच रांगेत माझे थोरले बंधू, दादा. त्यांच्या घोट्याची जखम दोन महिने चिघळलेली. "ड्रेसिंग चुकवलंत तर पाय जाईल," डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांच्या शब्दाखातर दादांनी ते आठ दिवस चुकवलं होतं. म्हणून वहिनींनी दवाखान्यातल्या सिस्टरांना ओढून आणलं होतं.

"अंतराळात वजन नाही," बाबा म्हणाले. "वजन नाही तर दाब नाही. दाब नाही, तर जखमेला कळतच नाही की आपण जखम आहोत!"

टाळ्या. रक्ताळलेली पट्टी बांधलेला एक भक्त लंगडत आला, वजनकाट्यावरच्या खुर्चीत बसला, पायातली चप्पल गळून पडली आणि काटा शून्यावर! बाबांनी पट्टी सर्रकन ओढली. आत नितळ कातडी.

"आता मी!" दादांचे डोळे भरून आले.

"बसा खाली!" सिस्टर पुढे सरसावल्या. "तीस वर्षं पट्ट्या सोडतेय. वाळलेलं रक्त चिकटतं. ती पट्टी ओढली की पैलवानालासुद्धा आई आठवते. हे गृहस्थ हसत होते!"

"अंतराळात वेदना नसते, ताई."

"मग यांची चप्पल खाली कशी पडली? तिचं तिकीट काढलं नव्हतं?"

हॉल खदखदला. सिस्टरांनी पट्टी हुंगली. "गुलाबाचं सरबत!" वहिनींनी खुर्चीमागचा पडदा सारला. खुर्ची लोखंडी कांबींनी भिंतीला जखडलेली. भार सगळा भिंतीवर. काटा बिचारा उपाशी.

"आणि खऱ्या अंतराळात जखम उलट रेंगाळते, असंच प्रयोग सुचवतात," सिस्टर म्हणाल्या. "जखम शरीरच भरतं. त्याला स्वच्छता, औषध आणि वेळ द्या. चमत्कार दिसला तर टाळ्यांआधी पडदा सारून बघा."

बाबा माईकची तार बघायला म्हणून जिना उतरले. तार अजून सापडली नसावी.

तासाभरात दादा दवाखान्यात होते. "पाय वाचेल," डॉक्टर म्हणाले, "पण रोज यायचं."

दादांनी मान डोलावली. सिस्टरांनी आठ दिवसांच्या जुन्या पट्टीला हात घातला, तसा दादांनी घसा खाकरला.

"सिस्टर, आधी ती खिडकी लावून घेता का? खाली सगळे ओळखीचे आहेत."