तारा, नऊ नग

थोरल्याने आयुष्यात फारशा चुका केल्या नव्हत्या. तेवढी संधीच त्याला कुणी दिली नव्हती. जी एक केली, ती मात्र रंगवार लावून, वर चिठ्ठी डकवून, अगदी व्यवस्थित केली.

धाकट्या भावाने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं आणि तो शहराच्या दुसऱ्या टोकाला बायकोच्या घरी राहायला गेला. लोकांचे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढून देणं हा त्याचा धंदा; बायको नजरेस पडायला त्याला स्वतःला एवढी वर्षं का लागली, हे कुणी विचारलं नाही. जाताना त्याने आपला सिंथ मागे ठेवला. "तिथे जागा झाली की नेतो, दादा. तोवर हात लावू नकोस."

सिंथ म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी, विजेवर वाजणारी पेटी. पुढे पियानोच्या चिमुकल्या पट्ट्या, वर तीसेक खुंट्या, उजव्या हाताला बारीक भोकांच्या रांगा आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या वीतभर रंगीत तारा. तारा नसल्या तरी पेटी वाजते. तिची आतल्या आत जोडणी झालेलीच असते. तारा लावल्या की ती घरच्यांचं ऐकेनाशी होते.

थोरल्याने हात लावला तो निव्वळ धूळ पुसायला. तो कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करणारा माणूस. तीस वर्षांत नंबर न घातलेली एक तार त्याच्या हातून गेली नव्हती; त्याच्या लेखी अशी तार म्हणजे बेवारस. इथे तर नऊ होत्या. त्याने त्या उपटल्या, रंगवार गुंडाळल्या, पिशवीत भरल्या आणि वर चिठ्ठी डकवली: 'तारा, नऊ नग, चालू स्थितीत.' मग वेड्यावाकड्या खुंट्याही ओळीत आणल्या, सगळ्यांची तोंडं बरोबर बारावर. बघून त्याला बरं वाटलं.

पंधरा दिवस बरं वाटत राहिलं. मग संध्याकाळचे सात वाजू लागले. म्हणजे आधीही वाजायचे, पण अकरा वर्षं त्या वेळी भिंतीपलीकडून तेच एकतीस सूर गोल फिरत यायचे. "तुझी गिरणी बंद कर," थोरला ओरडायचा, आणि गिरणी चालूच राहायची. आता सातला घरात बोलायचा तो फ्रीज, तोही स्वतःशी. एकदा जेवताना थोरला मोठ्याने म्हणाला, "मीठ कमी पडलंय." कुणी नाही म्हणालं नाही. तसं मीठ बरोबरच होतं.

चौथ्या महिन्यात त्याने पेटीचं बटण दाबलं.

पेटीला बत्तीस घरं होती. एकेका घरात एकेक सूर भरायचा, की ती चक्राला लागते आणि थांबवेपर्यंत थांबत नाही. भरलेलं ती वीज गेली तरी विसरत नाही. पण कुठली तार कुठल्या भोकात आणि कुठली खुंटी किती पिळलेली, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. सूर पेटीच्या पोटात, आवाज बाहेरच्या तारांत. आणि तारा पिशवीत.

सूर तेच आले. एकविसावं घर रिकामं होतं, तेही तसंच आलं. पण आवाज दुसऱ्याच कुणाचा. भावाचे कपडे घालून परका माणूस घरात फिरावा तसा.

थोरल्याने वही घातली. तिसऱ्या भोकातून सातव्यात: शिट्टी. पाचव्यातून अकराव्यात: म्हैस. दोन्ही एकदम: म्हशीची शिट्टी. आठवड्यात सेहेचाळीस जोडण्या तपासून झाल्या. एका तारेने आवाजाची धार आपोआप हळूहळू वाढायची आणि ओसरायची, जणू पेटी झोपेत श्वास घेतेय. त्यापुढे तो वीस मिनिटं बसून राहिला आणि नोंद करायची विसरला. पण भावाचा आवाज तो नव्हे.

शेवटी त्याने फोन केला.

"तारा काढल्यास?" धाकटा म्हणाला. "सगळ्या?"

"धूळ सगळीकडे होती."

"पण तुला तर ती गिरणी नकोच होती, दादा."

"नकोच आहे. वस्तू होती तशी परत द्यावी, एवढंच."

"मलाही असं तोंडी सांगता येणार नाही. हाताला आठवतं ते. रविवारी येतो, दहा मिनिटांचं काम आहे."

"दहा मिनिटांसाठी एवढ्या लांब?"

"बरं, मग जेवून जाईन."

"घरात काही नाही."

"माहितेय मला तुझं घर. घेऊन येतो."

थोरल्याने भावाची खोली झाडली. ती स्वच्छच होती, म्हणून पुन्हा झाडली.

शनिवारी संध्याकाळी, भावाच्या खोलीत एकाही तारेशिवाय पेटी चालू ठेवून, तो चष्मा आणायला आपल्या खोलीत गेला. वाऱ्याने मागे दार लागलं. आणि भिंतीपलीकडून तो आवाज आला. तोच. जाडसर, मऊ, कडा झिजलेला.

थोरला खाटेवर बसला. अकरा वर्षं त्याने ऐकलं होतं ते भिंतीतून गाळून आलेलं. धार सगळी भिंत खायची. भाऊ त्या खोलीत प्रत्यक्षात काय ऐकायचा, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. एकदाही तो आत जाऊन बसला नव्हता. डोळे मिटले तर पलीकडे कुणीतरी आहे असं वाटत होतं. पलीकडे कुणी नव्हतं. ती खोली त्यानेच दोनदा झाडली होती.

बिघाड निघून गेला होता. गेलेला बिघाड कायम दाखवून माणूस बोलावणं, हे त्याच्या धंद्यात चोरीच्या खालोखाल होतं.

रविवारी सकाळी नऊला फोन वाजला. थोरला आपल्या खोलीत होता, दार लावलेलं, पलीकडे पेटी चालू.

"निघू का, दादा? का जमलं तुझं तुलाच?"

"नाही जमलं," थोरला म्हणाला. "पार बिघडलंय. तुलाच यावं लागेल."

फोनमधून पेटीचा एक पूर्ण फेरा धाकट्याच्या कानापर्यंत गेला.

"ऐकू येतंय मला," धाकटा म्हणाला. "फारच बिघडलंय. अख्खा दिवस जाईल बहुतेक."

"जाईल," थोरला म्हणाला.

फोन ठेवून तो पेटी बंद करायला उठला आणि दारापर्यंत जाऊन परत आला. धाकट्याला पोचायला अजून दीड तास होता.