वापरातली टोपी

आमच्या यांचा सगळा जन्म नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये दुसऱ्यांचे पासपोर्ट छापण्यात गेला आणि स्वतः मात्र ते कधी घोटीच्या पुढे गेले नव्हते. ब्याऐंशी साली आमच्या कॉलनीची बस लुंबिनीच्या यात्रेला निघाली, तेव्हा सरहद्दीवर कसं वागायचं यावर यांनी वाटभर भाषण दिलं. प्रत्यक्षात नेपाळात शिरताना कुणी पासपोर्ट विचारलासुद्धा नाही. आपल्या लोकांना तो तिथं लागत नाही म्हणे. हे दिवसभर घुश्शात होते.

यांचं नाव मल्हारी. स्वभाव इतका सरळ की जिवाला ताप. प्रेस सुटताना गेटवर रोज अंगझडती होते, त्यामुळे वर्दी दिसली की यांचे हात आपोआप वर जातात. परदेशी मालाला शिवायचं नाही, असं यांनी मला नाशिक सोडण्याआधीच बजावलं होतं.

मी कसली ऐकते. आमच्या लेकीला, चांगुणाला, दिवस गेले होते, घरातलं पहिलं नातवंड येणार होतं. परतताना सरहद्दीजवळच्या बाजारात मला एक टोपी दिसली. गुलाबी, जपानी लोकरीची, वर सशाचे दोन कान. ती मी यांच्या नकळत घेतली आणि वळकटीत खुपसली. बाकीच्यांनीही स्वेटर, छत्र्या, थर्मास असं काय काय घेतलं.

अडचण एकच होती. त्याच सकाळी लुंबिनीत भंतेजींकडून आम्ही पंचशील घेतलं होतं. खोटं बोलणार नाही, असं अख्ख्या बसनं हात जोडून म्हटलं होतं.

आपल्या हद्दीत कस्टमचा साहेब बसमध्ये चढला आणि परदेशी माल आहे का, म्हणून विचारलं. त्याला 'नाही' ऐकायची सवय असणार. पुढच्या बाकावरची सुलाबाई उठली आणि आहे म्हणाली, दोन स्वेटर आणि एक छत्री. मागून रंगनाथ गुरुजींनी थर्मास सांगितला. मग एकेक हात वर होत गेला. यांचे तर काही नसताना आधीच वर होते.

साहेबानं घाम पुसला. एवढ्यांच्या पावत्या फाडायच्या म्हणजे त्याला तिथंच रात्र झाली असती. म्हणजे विशेष काही नाही ना, असं त्यानं पुन्हा आशेनं विचारलं. सुलाबाईनं त्याला समजावलं की शील सकाळीच घेतलंय, आज तरी 'नाही' म्हणता येणार नाही. शेवटी बिचाऱ्यानंच वाट काढली. वापरातली वस्तू तो माल धरणार नव्हता. वापरात नसेल ते मात्र तिथंच उतरवून ठेवायचं.

झालं. मार्चच्या उन्हात बसभर स्वेटर चढले, छत्र्या उघडल्या. गुरुजी थर्मासात पाणी ओतून घटाघटा प्यायले. साहेब माझ्यापाशी आला आणि वळकटीतून टोपी निघाली. ही कोण वापरतं, त्यानं विचारलं.

खोटं तर बोलता येत नव्हतं. वापरणारा अजून जन्माला यायचाय, असं मी सांगितलं. बस हसली, साहेब हसला नाही. त्यानं टोपी उचलली तेव्हा माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात हे उठले. आता चारचौघांत माझी शोभा होणार, या भीतीनं मी मान खाली घातली. यांनी साहेबाच्या हातातून टोपी घेतली, दोन्ही हातांनी ताणली आणि टकलावर कपाळापर्यंत ओढली. वर गुलाबी कान उभे राहिले.

"मी वापरतो," हे म्हणाले.

साहेब यांच्याकडे बघत राहिला, मग तोंड फिरवून भराभरा खाली उतरला. त्याचे खांदे हलत होते.

दोन दिवसांनी चांदवडला चहाला थांबलो, तर हॉटेलातली पोरं यांना बघायला गोळा झाली. तरी यांनी टोपी काढली नाही. पुढे नात झाली, थंडी पडली, पण ताणलेली टोपी तिच्या डोक्यावरून थेट गळ्यात उतरली. मी वैतागले. एवढं करून पोरीच्या काय कामाची? आता उशीत तरी भरते म्हटलं.

"विमल, साहेबाला मी वापरतो म्हणून सांगितलंय," हे म्हणाले. "नुसती ठेवली तर ते खोटं ठरेल."

तेव्हापासून दर थंडीत हे ती घालून प्रेसला जातात. गेटवरचा वॉचमन झडती घेताना दोन्ही कान चाचपून बघतो. आणि मी दर रविवारी बडबड करत ती टोपी धुते आणि कान सरळ करून वाळत घालते.