एकशे अकराव्या डिव्हिजनचा इतिहास

"लिही, पूल ओलांडणारा शेवटचा माणूस मीच होतो," तेओफिलो म्हणाला आणि त्याने वस्तरा इरेनेओच्या गळ्याच्या घाटीवर टेकवला.

इरेनेओने मान हलवली नाही. हलवण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

"मानोंग, दादा, आधी दाढी तरी पुरी कर."

"दाढी होईल रे. आधी हो म्हण."

"बरं, हो."

तेओफिलोने समाधानाने वस्तरा पुसला. आता तो गावचा न्हावी असला तरी सोळा वर्षांपूर्वी एकशे अकराव्या डिव्हिजनमध्ये सार्जंट होता, आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की अजून सार्जंटच व्हायचा. इरेनेओने मनातल्या मनात आकडा मांडला. सुमागे नदीचा पूल सगळ्यांत शेवटी ओलांडणारा हा चौदावा माणूस. पहिला कर्नल ग्राबातो. मग गावचा कोंबडे झुंजवणारा, मग शाळामास्तर, मग एक दंतवैद्य. दंतवैद्यानेही आपलं म्हणणं इरेनेओच्या तोंडात चिमटा असतानाच मांडलं होतं.

हे सगळं त्या पुस्तकापायी. पुढच्या महिन्यात माजी सैनिकांचा मेळावा होता, आणि संघटनेचे अध्यक्ष कर्नल ग्राबातो यांनी ठरवलं होतं की अमेरिकनांच्या प्रत्येक डिव्हिजनचा जाडजूड इतिहास छापून आलाय, तर आपलाही हवा. लिहायचा कोणी? इरेनेओने. कारण डिव्हिजनच्या कचेरीत तो टंकलेखक होता आणि आता नगरपालिकेतही टंकलेखकच आहे. ज्याला टाइप करता येतं त्याला लिहिताही येतं, असा कर्नलसाहेबांचा साधा हिशेब होता.

इरेनेओने तीन महिन्यांत चाळीस पानं केली. त्यातली बरीच त्याला स्वतःलाच वाचवत नव्हती. खरं सांगायचं तर एकशे अकराव्या डिव्हिजनचा इतिहास फार मोठा नव्हता. पोरं भरती झाली तेव्हा निम्म्यांना लाकडी बंदुका मिळाल्या. डोक्याला नारळाच्या काथ्याची शिरस्त्राणं. पाऊस आला की ती फुगायची आणि ऊन पडलं की कानांना चावायची. कवायत शिकवणारा अधिकारी दूरच्या लुझोन बेटावरचा, त्याचं बोलणं पोरांना कळायचं नाही. त्याच्या वरचा अमेरिकन, त्याचं बोलणं त्या अधिकाऱ्यालाही कळायचं नाही. एकदा वरून हुकूम आला तो खाली पोचेपर्यंत इतका बदलला, की अर्ध्या पलटणीने डोंगराकडे कूच केलं आणि अर्ध्या पलटणीने आंघोळ केली.

"हे वगळ," कर्नल म्हणाले होते.

"सर, मग बेचाळीसच्या एप्रिलपर्यंत काहीच उरत नाही."

"पुलापासून सुरू कर ना मग!"

पुलापासूनच सुरू करावं लागणार होतं, आणि तिथेच इरेनेओचं घोडं अडलं होतं. बायको पासिंग रोज विचारायची, "झालं का तुमचं युद्ध?" तो म्हणायचा, "पूल राहिलाय."

पुलाच्या त्या दिवशी जपानी किनाऱ्यावर उतरले होते. डिव्हिजनला नदी ओलांडून डोंगरात जायचं होतं आणि मागे पूल उडवायचा होता. ग्राबातो तेव्हा कॅप्टन. त्यांनी इरेनेओला पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी उभा केला. हातात हजेरीपट. जो पूल ओलांडेल त्याच्या नावापुढे खूण. म्हणजे शेवटी पूल कोणी ओलांडला हे जगात एकाच माणसाला नक्की माहीत होतं, आणि त्या चौदांपैकी एकालाही पुलावर हजेरी घेणारा कारकून आठवत नव्हता.

सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. एक राहिलं. लिओन्सियो. आचारी.

इरेनेओला तो कुठे आहे हे ठाऊक होतं. अर्ध्या तासापूर्वीच तो स्वतः त्याला बोलवायला गेला होता. दोन मोठ्या कढया भात नुकताच उतरला होता आणि लिओन्सियो केळीच्या पानांत पुड्या बांधत बसला होता.

"मानोंग, चल. जपानी आले."

"येऊ देत. शिजलेलं अन्न टाकून कुठे जाऊ? डोंगरात पोरांना काय झाडपाला घालू? तू हो पुढे, शंभरेक पुड्या राहिल्यात."

मग पुलाशी कॅप्टनने विचारलं, "सगळे आले?" लांबून गाड्यांचा घरघराट ऐकू येत होता. इरेनेओ बावीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "आले, सर." आणि धावत सुटला. त्याच्या मागे पूल उडाला.

त्या दोन शब्दांवर कागद तयार झाले. युद्धानंतर लष्करी कचेरीने पाहिलं: पूल सगळ्यांनी ओलांडला, मग डोंगरात हा आचारी कसा नाही? म्हणजे वाटेत पळाला. लिओन्सियोच्या नावापुढे शिक्का बसला: फरारी.

त्याची बायको कोन्सोर्सिया बाजारात पानात उकडलेला चिकट भात विकायची. इरेनेओ युद्ध संपल्यापासून रोज सकाळी तिच्याकडून दोन पुड्या घ्यायचा आणि रोज तिने नवऱ्याला घातलेल्या शिव्या ऐकायचा.

"तिकडे निग्रोस बेटावर बसलाय मेला, मी सांगते तुला," ती म्हणायची. "एखाद्या जाड्या विधवेच्या घरी. त्याच्या हातची मुगाची आमटी जिने एकदा खाल्ली ती त्याला सोडतेय होय? त्याला जपान्यांनी नाही नेला. त्याला बाईने नेला."

बाजार हसायचा. इरेनेओही हसायचा. त्याला ती निग्रोसची विधवा फार सोयीची होती. काही दिवस तर त्याने तिला मनात नावही दिलं होतं. लिओन्सियो पोहून निसटला असेल, होडी मिळाली असेल, आता पोटाला तडस लागेपर्यंत जेवत असेल. असं वाटलं की घास नीट उतरायचा.

मग इतिहासासाठी म्हणून तो त्या दाढीनंतरच्या आठवड्यात सुमागेकाठच्या गावी गेला. पुलाची लांबीरुंदी विचारायला. तिथल्या एका म्हातारीने लांबीरुंदी राहू दे म्हटलं आणि त्याला नदीकाठी नेलं. दगडांची एक रास होती, वर शंख लावलेले.

"शिपाई होता," ती म्हणाली. "पूल उडाला तसा काठावर येऊन उभा राहिला. पाठीवर पुड्यांचं एवढं मोठं गाठोडं. आम्ही ओरडलो, टाक ते, पोहून जा. त्याने काही टाकलं नाही. गाठोडं आमच्या दारात आणून ठेवलं, म्हणाला, वाटून घ्या, गरम आहे. तेवढ्यात गाड्या आल्या."

इरेनेओने वहीत काहीच लिहिलं नाही. घरी येऊन तो टंकयंत्रापुढे बसला आणि दुपारभरात पुलाचं पान संपवलं.

दुसऱ्या दिवशी कर्नल ग्राबातो यांनी ते पान चष्मा लावून वाचलं. सुरुवातीला त्यांचा चेहरा खुलला. "पूल सर्वांत शेवटी ओलांडणारे सैनिक पुढीलप्रमाणे," असं लिहून खाली चौदा नावं होती, अकारविल्हे.

"चौदा जण शेवटचे कसे असतील?"

"सर, एक काढलं तर तेरा जण मेळाव्याला येणार नाहीत. आणि तेओफिलोकडे वस्तरा आहे."

"हं." त्यांनी पुढे वाचलं. पुढे लिहिलं होतं: पंधरावा सैनिक, आचारी लिओन्सियो, पूल ओलांडू शकला नाही. हजेरी घेणाऱ्या कारकुनाने तो मागे असल्याचं माहीत असूनही सर्व आले असं सांगितलं. त्या कारकुनाचं नाव इरेनेओ हेन्सियाना.

कर्नलने चष्मा काढला.

"इतिहासात आचारी कशाला रे?"

"फरारी म्हणून आहेच तो इतिहासात, सर. मी फक्त दुरुस्ती केली."

"आपण इतकी वर्षं भाषणात सांगतोय, एकही माणूस मागे राहिला नाही म्हणून. बिशपसमोर सांगितलंय मी."

"माझ्या शब्दावर सांगितलंत. म्हणून माझं नाव घातलंय. तुमचं नाही."

कर्नल उठून खिडकीशी गेले. अंगणात त्यांची टर्की भलत्याच दिमाखात फिरत होती.

"त्या दिवशी वारा पलीकडून येत होता," ते म्हणाले. "मला भाताचा वास आला होता, इरेनेओ. ताज्या भाताचा. मी हुकूम देताना तो वास येत होता."

त्यांनी लेखणी घेतली आणि कारकुनाच्या नावाशेजारी आपलं नाव लिहिलं. मग वरच्या चौदांच्या यादीतून ते खोडलं. "तेरा ठेव," म्हणाले. "आणि कचेरीला पत्र टाइप कर, तो शिक्का काढायचं. सही मी करतो. दोन प्रती कर, ते एक हरवतातच."

कोन्सोर्सियाला सांगायचं काम मात्र कोणाच्या हुद्द्यात बसत नव्हतं. इरेनेओ दुपारी तिच्या घरी गेला. ती ओट्यावर पानं पुसत बसली होती.

"भात सकाळीच संपला," ती म्हणाली. "आणि तुझं तोंड असं का? पासिंगने हाकललं?"

"मानांग, ताई, लिओन्सियो निग्रोसला नाहीये."

"मग कुठे? सेबूला?"

त्याने सगळं सांगितलं. पुड्या, हजेरीपट, आपले दोन शब्द. मध्ये कुठे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. ती पानं पुसत राहिली. एकच पान पुन्हापुन्हा.

"इतकी वर्षं रोज येतोस," ती म्हणाली. "रोज दोन घेतोस. आणि माझ्या शिव्या ऐकून हसतोस."

"हो."

"उद्या येऊ नकोस."

"बरं."

तो उठला. फाटकापर्यंत गेला तेव्हा तिने मागून विचारलं, "भात वाया गेला का?"

"नाही. त्या गावात दोन दिवस चूल पेटली नव्हती. म्हातारी म्हणाली, सगळ्या गावाला पुरला."

"मीठ?"

"अं?"

"मीठ बरोबर होतं का? घाईत असला की तो मीठ विसरायचा."

"ते नाही विचारलं, मानांग."

"विचारायला हवं होतंस," ती म्हणाली आणि आत गेली.

मेळावा झाला. पुस्तकाच्या प्रती वाटल्या गेल्या. तेरा जणांनी आपापलं नाव शोधलं, ते सापडल्यावर पुढचं वाचलं आणि मग त्या दिवशी पुलाची फुशारकी कोणी मारली नाही. तेओफिलोने इरेनेओला दोन आठवडे दाढीला बोलावलं नाही. तिसऱ्या आठवड्यात बोलावलं आणि एक शब्द न बोलता पुरी दाढी केली. असं त्या दुकानात आजवर झालं नव्हतं.

इरेनेओ बाजारात जाईनासा झाला. सकाळी पासिंग जायची. एके दिवशी ती परत आली आणि तिने टोपली खाली ठेवली.

"कोन्सोर्सिया काळे कपडे घालून बसलीये," तिने सांगितलं. "डोक्यापासून पायापर्यंत. भात विकतेय नेहमीसारखा. बायका येऊन विचारतायत, अगं, कोण गेलं? ती म्हणते, नवरा. त्या घाबरून विचारतात, कधी? आणि ती पान गुंडाळता गुंडाळता सांगते, बेचाळीसला."