खड्ड्याची बादली

चिकलठाण्याजवळच्या ज्या संस्थेत शिवराज विमानातली वीज शिकवायचा, तिथं दर वर्षी कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, विमानाला अर्थिंग कुठं असतं?" शिवराज त्या प्रश्नाची वाटच बघत असायचा. आकाशात जमीन कुठून आणणार? म्हणून विमानाचं धातूचं अंगच परतीची वाट होतं. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यात जाते, पंपात जाते आणि त्या अंगावाटे माघारी येते. "नीट वाट दिली नाही, तर ती मिळेल त्या वाटेनं जाते," असं तो सांगायचा आणि पोरं लिहून घ्यायची.

घरातली वीज मात्र त्याच्या वडिलांच्या ताब्यात होती. बिडकीनची जमीन कारखान्यांसाठी गेली, तेव्हा बन्सीअण्णांनी शहराच्या कडेला प्लॉट घेऊन घर बांधलं. मागच्या भिंतीलगत अर्थिंगचा खड्डा स्वतः खणून घेतला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला आणि दर शनिवारी त्यात बादलीभर पाणी ओतायचा नेम धरला. आशाबाई नवऱ्याला चिडवायची, "मारुतीला तेल नाय, अन् खड्ड्याला अभिषेक."

"हसू नको. जमीन वल्ली पाहिजे," अण्णा म्हणायचे. "ती कोरडी पडली की करंट माणूस धुंडतो."

अण्णा गेल्यावर ती बादली आशाबाईनं चालू ठेवली. विजेतलं तिला काही कळत नव्हतं, पण नवऱ्याची तेवढी एक गोष्ट तिला मोडवेना.

मग ते कोरडे उन्हाळे आले. नळ आठवड्यातून एकदा, तोही करंगळीएवढा. पलीकडं नव्या इमारतींचे स्लॅब पडत होते. त्यांची बोअर खोल गेली तशी शिवराजची आटली. टँकरवर भांडणं व्हायची. एका शनिवारी आशाबाई बादली घेऊन मागच्या दारात थबकली. आत तिची सून राजनंदिनी, सातवा महिना लागलेला, घामानं निथळत होती. पत्र्याचा कूलर कोरडी गरम हवा फेकत होता.

"खड्ड्याला कसली तहान?" आशाबाई म्हणाली. "घे नंदा, कूलरात टाक."

तेव्हापासून दर शनिवारची बादली कूलरला गेली. शिवराजनं पाहिलं आणि विजेची जरा गळती झाली की ती तोडणारा ब्रेकर बसवायचं ठरवलं. पण सुट्टीचा दिवस टँकरच्या रांगेत जायचा. विजेवर पोट भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात एवढं जमू नये, याला काय म्हणावं.

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरच्या पंपाची वायर घासून उघडी पडली आणि पत्र्यात करंट उतरला. अण्णा असताना असंच एकदा झालं होतं, तेव्हा फट्कन फ्यूज उडाला होता. या वेळी जमिनीत ओल नव्हती, फ्यूज जागचा हलला नाही. राजनंदिनी अनवाणी होती, एका हातात तीच बादली, दुसरा पत्र्यावर. शेजाऱ्याचा फोन आला तेव्हा शिवराज वर्गात परतीच्या वाटेचाच धडा शिकवत होता. तो पोचेपर्यंत ती गेली होती आणि पोटातलं लेकरूही.

लोक नशिबाला बोल लावून गेले. शिवराज मागं गेला आणि त्यानं खड्ड्यात हात घातला. माती राखेसारखी कोरडी होती. काय घडलं ते त्याला लख्ख कळलं आणि तो मनातून भ्याला. बायको गेली होती, आता आईला हे कळता कामा नये.

तेराव्यानंतर आशाबाईनं विचारलंच. "शिवा, खड्ड्यात पाणी असतं तर वाचली असती का रं?"

"नाय आई. त्याचा काय संबंध नाय. कूलरच खराब होता."

"व्हय?"

"व्हय."

आशाबाईनं मागच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग त्या दिवशी तू खड्ड्यात हात कशाला घातलास?"

शिवराज उठून बाहेर गेला. वर्गातल्या प्रश्नावरून तो असा कधी उठला नव्हता.

पुढच्या शनिवारी आशाबाईनं पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली. कूलर भंगारात गेला होता, घरातलं मेन स्विच शिवराजनं बंद करून ठेवलं होतं. तरी ती खड्ड्यापाशी गेली. तो मागं येऊन उभा राहिला, पण अडवायचं धाडस त्याला झालं नाही.

"विमानाला असला खड्डा लागत नाय म्हणतोस?" तिनं विचारलं.

"नाय लागत."

"बरं हाय त्यांचं," ती म्हणाली आणि कळशी पालथी केली. पाणी दिसेनासं झालं, तरी ती कळशी तशीच धरून उभी होती.