अर्ध्या नोटेची पोच

मी हरिहर मास्तर, भाट्याच्या शाळेचा. मला जुन्या नोटा जमवायचा नाद. बायको म्हणते, खूळ आहे ते. असेना! एकाच अंगाला छापलेल्या त्या हिरव्या दहाच्या नोटा हल्ली दिसेनाशा झाल्यात. उजेडात धरली की कागदाच्या पोटात पाण्याच्या लाटा दिसतात. बघत राहिलं की पोरांचा कलकलाट, घंटा, सगळं कुठंतरी लांब विरून जातं.

एकतीस सालच्या कार्तिकात सगुणा पत्र वाचून घ्यायला आली. तिचा नवरा दादू मुंबईला बोटीवर खलाशी, चार वर्षं घरी फिरकला नव्हता. पाकिटातून निघाली मधोमध कापलेली अर्धी नोट. टपालात चोरी होऊ नये म्हणून काही जण अजून तसं करत; एक अर्धी आधी, पोच मिळाली की दुसरी. मी ती उजेडात धरली. हिरवी, लाटांची, आणि नंबरात सहाही आकडे सात!

"सगुणे, हिला धुवू नको, इस्त्री नको, टाचणी तर मुळीच नको," मी बजावलं. "काप नीट जुळला तर चालतो, पण घडीनं किंमत उतरते, भोकानं आणखी उतरते. दुसरी अर्धी येऊ दे, मी वीस रुपये देतो. आत्ताच पोच लिहू या."

"पोच लिहू नका हां, मास्तर."

"का गो?"

"पोच गेली की उरलेली टपालानं येईल. नाही गेली तर तो कवडीचुंबक मेला स्वतः घेऊन येईल. माणसासाठी येत नाही, नोटेसाठी तरी येईल."

मी हसलो. पण संध्याकाळी खाडीकाठी डोळे मिटून बसलो, तर हिरव्या लाटांवर सातच सात तरंगत होते. लोभ वाईट हो! घरी येऊन मी तिच्या नावानं पोच लिहिली आणि टपालपेटीत टाकली.

पौषात ती धावतच आली, हातात बंद पाकीट. "येतो म्हणून लिहिलंय ना?"

मी फोडलं. दुसरी अर्धी बाहेर पडली. चिठ्ठीत होतं, पोच मिळाली, यंदा येणं जमत नाही.

"पोच कोणी लिहिली?"

"मी," मी म्हटलं. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कनवटीची अर्धी काढून तिनं माझ्यापुढे ठेवली. "घ्या. पुरी झाली तुमची नोट." आणि गेली.

दोन्ही अर्ध्या अगदी जुळत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. हरिहरा, मेल्या, काय केलंस हे! पहिली अर्धी मी तिच्या घराच्या ओटीवर ठेवून आलो. दुसरी पाकिटात घालून दादूला परत धाडली: "पोच मी लबाडीनं लिहिली. सगुणा टपालातली अर्धी घेत नाही. स्वतः आणून द्या, नाहीतर तिची अर्धी खाडीत जाईल."

त्यानंतर मुंबईच्या बोटीची शिटी झाली की सगुणेसारखा मीही वर्ग सोडून दारात जायचो.

शिमग्याला दादू आला. दुसऱ्या दिवशी सगुणा नोट दाखवायला आली, तो मागे हसत उभा. नोट भाताच्या शितांनी चिकटवलेली, तीही वाकडी. एका कोपऱ्यात भोक. पडू नये म्हणून दादूनं आपली अर्धी सदऱ्याला आतून टाचणीनं टोचून आणलेली.

"आता काय किंमत हिची, मास्तर?"

मी उजेडात धरली. लाटा जुळत नव्हत्या. "जमवणाऱ्याच्या लेखी कवडीचीसुद्धा नाही," मी खरं तेच सांगितलं.

"मग बरं झालं," सगुणा म्हणाली. "आता तुम्ही मागणार नाही."