माथाबांगच्या हातचं रफू

म्हाताऱ्या खोआबानेला त्याची घोडी त्लाली पहिल्यांदा चावली तेव्हा त्याने हसून सोडून दिलं. दुसऱ्यांदा चावली तेव्हा तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा, खोगीर चढवताना, तिने त्याचा दंडच धरला. मग मात्र त्याने घोड्यांचा व्यापारी सेकाके याला निरोप धाडला, गुरुवारी ये आणि घोडी घेऊन जा.

निरोप गेला आणि म्हाताऱ्याचं जेवणावरचं मन उडालं. बारा वर्षं त्लालीने त्याला हे डोंगर चढवले-उतरवले होते. पण बायको, माथाबांग, गेली आणि तिचा दुखवटा संपला, तेव्हापासून घोडी बिघडली होती. गाव म्हणे, घोडीनेही दुःख धरलंय. म्हाताऱ्याला ते पटायचं. त्याचं स्वतःचं चित्त तरी कुठे ठिकाणावर होतं?

दुखवटा संपला की गेलेल्या माणसाचे कपडे नातेवाइकांत वाटून टाकायचे. म्हाताऱ्याने सगळे वाटले, फक्त तिचं तपकिरी कांबळं लपवलं. पण लपवून करायचं काय? इथल्या थंडीत सगळेच कांबळं पांघरून फिरतात; पुरुष त्याची पिन उजव्या खांद्यावर लावतो, बाई छातीवर. बायकोचं कांबळं पांघरून फिरला असता तर पोराटोरांनी दगडांनी नाही, पण हसून हसून मारलं असतं. शेवटी त्याने ते घडी करून त्लालीच्या खोगिराखाली घातलं. जिथे आपण जाऊ, तिथे तीही येईल.

सोमवारी जनावरांची तपासणी करणारी लिनेओ आली. दवाखान्याची पिशवी काखेत मारून दरीतली सगळी गावं पायी पालथी घालणारी मुलगी. तिने त्लालीच्या पाठीवरून तळहात फिरवला. मानेमागच्या उंचवट्यापाशी घोडी कळवळली. केसांखाली रुपयाएवढी जखम होती, ओली.

"न्ताते," तिने वडीलधाऱ्याला म्हणतात तशी हाक मारली, "रोज पाठ बघता की नाही?"

"पाठ काय बघायची? ते माथाबांग बघायची. मी खोगीर टाकायचो, ती हात फिरवायची."

लिनेओने कांबळ्याची घडी उलगडली, चाचपली आणि एका जागी थांबली. तिथे जाड लोकरीने केलेलं रफू होतं, गाठ दगडासारखी कडक.

"हे बरोब्बर जखमेवर येतंय. तीन आठवडे खोगीर नको. रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुवा. आणि हे कांबळं खोगिराखाली पुन्हा घालू नका."

म्हातारा भडकला. "माझ्या बायकोच्या हाताने त्लालीला जखम केली म्हणतेस? अगं, स्वतः उपाशी राहून तिला मका चारायची ती! चल, नीघ इथनं."

"निघते की. पण घोडी वाईट नाही, न्ताते. तिला दुखतंय. तोंडाने सांगता येत नाही म्हणून दाताने सांगते."

बुधवारी घरातलं पीठ संपलं. घोडीला हात लावायची सोय नव्हती, म्हणून म्हातारा पायीच दुकानाला निघाला. त्याचं स्वतःचं कांबळं आदल्या दिवशीच्या बर्फाने ओलंचिंब झालं होतं. वाटेत कुत्रं भेटणार नाही अशा थंडीत लाज कुणाची धरायची? त्याने माथाबांगचं कांबळं ओढलं, पुरुषासारखी उजव्या खांद्यावर पिन लावली आणि परत येताना पिठाची पिशवी त्याच खांद्यावर टाकली.

पहिल्या चढालाच काहीतरी टोचायला लागलं. दुसऱ्या चढाला आग होऊ लागली. पिशवी डाव्या खांद्यावर घेता आली असती, पण म्हातारा हट्टी. त्याला कळूनच घ्यायचं होतं. घरी पोचून सदरा काढला, तर खांद्यावर रफूची गाठ येत होती तिथेच लाल वळ उठला होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

तो तसाच उघड्या अंगाने गोठ्यात गेला. त्लालीने कान मागे टाकले.

"चाव," तो म्हणाला. "चाव बाई, तुझा हक्क आहे. एका वाटेत माझा जीव गेला. तू दोन महिने सोसलंस, आणि मी तुला विकायला निघालो."

गुरुवारी सेकाके आला, तेव्हा त्लाली उन्हात उभी होती आणि म्हातारा मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून हलक्या हाताने तिची जखम पुसत होता. त्याचं स्वतःचं चांगलं, बिनगाठीचं कांबळं वाळवून, चौपदरी घडी करून खोगिराशेजारी ठेवलं होतं, तीन आठवड्यांनंतरसाठी. अंगावर माथाबांगचं होतं. खांदा सोलवटलेला, म्हणून पिन छातीवर लावली होती.

सेकाकेला हसू आवरेना. "अरे देवा! न्ताते, बाई कधी झालात?"

"कालपासून," म्हातारा म्हणाला. हात थांबला नाही. "घोडी विकायची नाही. जा."

"अहो, पण हे असं गावात फिरणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. या घरात घोडीची पाठ बघणारी एक बाई होती. ती जागा रिकामी ठेवली, तर बघ काय झालं."

म्हाताऱ्याने फडकं पिळलं आणि कोरडा तळहात त्लालीच्या मानेपासून कमरेपर्यंत फिरवला, माथाबांग फिरवायची तसा, जखमेला वळसा घालून. त्लालीने मान वळवली. सेकाके ओरडला, "सांभाळा, चावेल!"

तिने तोंड म्हाताऱ्याच्या छातीवरच्या कांबळ्यात खुपसलं आणि तशीच उभी राहिली.